ओलीचा हिशेब

विडी वळणाऱ्या घरात ओल सांभाळायची विद्या बाळकडूसारखी मिळते. कारखान्यातून तेंदूचं पान येतं ते कडकडीत वाळलेलं. तसंच कापायला घेतलं तर त्याचा चुरा होतो. म्हणून ते पाण्यात भिजवायचं, निथळायचं आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून रात्रभर ठेवायचं. सकाळी पान मऊ पाहिजे, पण ओलं नको. कोरडं राहिलं तर वळताना फाटतं. जास्त भिजलं तर काळं पडतं, बुरशी धरतं आणि संध्याकाळी कारखान्यात विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला पडतात. आमची अम्मी पान नुसतं दोन बोटांत दुमडायची आणि सांगायची की अजून अर्धा तास गुंडाळून ठेवा, किंवा आता उघडा. तिच्याकडे कुठलं यंत्र नव्हतं. हजार विड्यांची मजुरी त्या अर्ध्या तासावर अवलंबून असायची.

सोलापुरात अशी हजारो घरं आहेत. मुस्लिमांची आहेत, पद्मशाली समाजाची आहेत, दलितांची आहेत. पुरुष गिरणीत किंवा मागावर आणि बायका विडीवर, असा हा जुना संसार. आमच्या घरीही तोच होता. अब्बा गिरणीच्या विणकाम खात्यात होते. तिथलीही गोष्ट पुन्हा ओलीचीच. सुती धाग्याला हवेतला ओलावा मिळाला की तो बळकट होतो, कोरड्या हवेत तो तटातट तुटतो. सोलापूरची हवा वर्षातले आठ महिने कोरडी. म्हणून मागांच्या खात्यात मुद्दाम दमट हवा सोडलेली असायची आणि भिंतीवर दोन काचेचे थर्मामीटर शेजारी शेजारी टांगलेले असायचे. एकाच्या बुडाला ओली चिंधी गुंडाळलेली, दुसरा सुका. दोन्हींतल्या फरकावरून हवेत किती ओल आहे ते कळायचं. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण ‘ओली काच, सुकी काच’ हे शब्द अब्बांच्या तोंडून अजून गेलेले नाहीत.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझी थोरली बहीण. तिला आम्ही नुसतं आपा म्हणतो. वयाच्या बाराव्या वर्षापासून ती विड्या वळत होती. पंचेचाळिशीत तिचा खोकला थांबेनासा झाला. छातीच्या डॉक्टरांनी तपासून स्वच्छ सांगितलं, तंबाखूची धूळ बंद करा, नाहीतर औषधाचा उपयोग नाही. काम सोडायला सांगणं सोपं असतं. दुल्हाभाईंची रिक्षा, दोन मुलांचं शिक्षण आणि आपाची मजुरी, यावर ते घर उभं होतं. कुणीतरी अळंबीचं सुचवलं. आपानं कृषी विज्ञान केंद्राचं प्रशिक्षण घेतलं आणि घरामागच्या पत्र्याच्या खोलीत धिंगरी अळंबी, म्हणजे ऑयस्टर मशरूम लावायला सुरुवात केली.

मोहल्ल्यात पहिला सवाल आला तो हलाल-हरामचा. पावसाळ्यात उकिरड्यावर उगवणारी ती छत्री माणसानं खायची कशी? मशिदीच्या मौलाना साहेबांनी दोन वाक्यांत उत्तर दिलं: जी विषारी नाही ती खायला हरकत नाही. वर त्यांनी आठवण करून दिली की बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत ‘कमअ’ला मन्नपैकी म्हटलेलं आहे. उर्दू तर्जुम्यांत त्याला सहसा खुंबी म्हणतात. खरं तर कमअ ही अरबस्तानच्या वाळवंटात पावसानंतर जमिनीखाली तयार होणारी बुरशी आहे. आमच्या धिंगरीची ती लांबची नातलग. पण त्या नात्यानं आपाचं काम झालं. शेजारच्या बायका भाजी न्यायला लागल्या.

धिंगरीची पद्धत फार अवघड नाही. गव्हाचं काड किंवा सोयाबीनचा भुसा बारीक करून रात्रभर भिजवायचा. मग साधारण ८० अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचा. निथळून मुठीत दाबला तर तळहात ओला व्हावा, पण थेंब पडू नये. इथं आपाला कुणी शिकवावं लागलं नाही. त्यानंतर प्लॅस्टिकच्या पिशवीत काडाचा एक थर, स्पॉनचा एक थर असं भरायचं. स्पॉन म्हणजे अळंबीचं बियाणं. पंधरा ते वीस दिवस पिशव्या अंधाऱ्या खोलीत ठेवल्या की काड पांढऱ्याशुभ्र धाग्यांनी भरून जातं. इथपर्यंत ओल पिशवीच्या आतच असते. बाहेरची हवा कशी आहे याच्याशी फारसं देणंघेणं नसतं.

खरी परीक्षा पिशवी कापून उघडल्यावर सुरू होते. त्या उघड्या पांढऱ्या गठ्ठ्यावर चार-पाच दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे कोंब येतात. त्यांना साधारण ८० ते ९० टक्के आर्द्रता लागते आणि त्याच वेळी ताजी हवाही लागते. अळंबी माणसासारखीच श्वास घेते, कार्बन डायऑक्साइड सोडते. खोली बंद ठेवली तर तो वायू साठतो. मग देठ लांबच लांब वाढतात आणि टोपी बटणाएवढी राहते. खोली उघडली तर ओल पळते, कोंब पिवळे पडून सुकतात, टोपीच्या कडा फाटतात. ओल धरायची म्हणून पाणी थेट टोपीवर मारलं तर तपकिरी चिकट डाग पडतात, काडावर हिरवी बुरशी चढते, माश्या होतात. दमट पण ओली नाही, मोकळी पण कोरडी नाही, अशी हवा पाहिजे. तेंदूच्या पानाचा जो न्याय, तोच इथे.

पावसाळ्यात आणि थंडीत आपाचं बरं चाललं. भिंतीला गोणपाट लावले, दिवसातून तीन वेळा त्यांवर पाणी मारलं, जमिनीवर वाळू अंथरून ती ओली ठेवली. एक किलो सुक्या काडामागे साधारण अर्धा ते पाऊण किलो माल निघायचा. मग एप्रिल आला. सोलापूरचा एप्रिल ज्यानं अंगावर घेतलाय त्याला सांगायची गरज नाही. दुपारी ४० अंशांच्या वर पारा आणि हवेत ओल २० टक्क्यांच्या आसपास. साठ पिशव्यांवरचे कोंब तीन दिवसांत वाळून तांबडे झाले. गोणपाटावर मारलेलं पाणी अर्ध्या तासात उडून जायचं.

त्याच महिन्यात आपाची भिशी लागली. वीस हजार रुपये. त्यातून ह्युमिडिफायर घ्यायचा असं ठरलं, आणि कुठला घ्यायचा यावरून घरात तट पडले. एका दुकानदारानं टेबलावर ठेवायचं, वरून धुकं सोडणारं छोटं यंत्र दाखवलं आणि एवढ्या खोलीला पुरेल म्हणून सांगितलं. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, त्यानं ऑनलाइन दहा चकत्यांचं मोठं अल्ट्रासॉनिक यंत्र शोधून ठेवलं. ते घेतलं असतं तर भिशीचे जवळजवळ सगळे पैसे त्यातच गेले असते. अब्बा खाटेवरून एवढंच म्हणाले, “पैले नापो, फिर लाओ.” आधी मोजा, मग आणा. मी सुट्टीत गेलो होतो. भाचा आणि मी कागद-पेन घेऊन बसलो.

मोजायचं काय ते आधी समजून घेऊ. आर्द्रतेचा जो टक्का आपण वाचतो तो सापेक्ष असतो. त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढं बाष्प धरू शकते, त्याच्या किती टक्के बाष्प सध्या तिच्यात आहे, एवढंच तो सांगतो. हवेचं भांडं उष्णतेनं मोठं होतं. २८ अंशांना एका घनमीटर हवेत सुमारे २७ ग्रॅम बाष्प मावतं, ४० अंशांना सुमारे ५१ ग्रॅम. म्हणजे बाहेर ४० अंश आणि २० टक्के असेल तर त्या हवेत घनमीटरमागे जेमतेम १० ग्रॅम पाणी आहे. आपल्याला खोलीत २८ अंशांना ८५ टक्के हवेत, म्हणजे २३ ग्रॅम. प्रत्येक घनमीटरला १३ ग्रॅमची तूट.

आपाची खोली दहा बाय बारा फुटांची, उंची नऊ फूट. सुमारे ३० घनमीटर. एकदा हवा भरली की तूट ४०० ग्रॅमच्या जवळपास. पण अळंबीच्या श्वासासाठी हवा बदलावी लागते. तासाला चार वेळा बदलली तर दीड लिटरच्या वर पाणी दर तासाला हवेत गेलं पाहिजे. टेबलावरचं छोटं यंत्र ताशी साधारण ३०० मिलिलिटर धुकं सोडतं. दुकानदाराची गोष्ट तिथेच संपली. दिवाणखान्यातल्या माणसाचं नाक कोरडं पडू नये म्हणून केलेलं ते यंत्र आहे, एप्रिलमधल्या सोलापूरशी लढायला नव्हे.

मग मोठंच यंत्र घ्यावं का? ते ठरवायला प्रत्येक प्रकार काय करतो ते बघितलं.

वाफ सोडणारं यंत्र पाणी उकळतं. वाफ स्वच्छ असते, क्षार भांड्यातच राहतात. पण एक लिटर पाण्याची वाफ करायला पाऊण युनिटच्या आसपास वीज जाते आणि ती सगळी उष्णता खोलीत येते. सोलनसारख्या थंड गावात, जिथे देशाचं अळंबी संशोधन संचालनालय आहे, हिवाळ्यात असं यंत्र कामाचं ठरू शकतं. पत्र्याच्या खोलीत एप्रिलमध्ये ते म्हणजे तापलेल्या तव्यावर निखारा.

उच्च दाबाचे फॉगर मोठ्या शेडसाठी उत्तम. बारीक नोझलमधून पाणी दाबानं सोडतात. पण पंप लागतो, गाळण्या लागतात आणि जड पाण्यानं नोझल चोंदतात. एका खोलीसाठी एवढा पसारा कुणी सांभाळायचा?

अल्ट्रासॉनिक यंत्रात पाण्याखाली एक छोटी चकती असते. ती सेकंदाला सुमारे १७ लाख वेळा थरथरते आणि पाण्याचं थंड धुकं करते. वीज कमी खाते, आवाज करत नाही, धुकं इतकं बारीक की टोपीवर थेंब साचत नाहीत. अळंबीवाले तिच्या प्रेमात पडतात ते यामुळेच. तिची खोड एकच, ती पाणी उकळत नाही, फोडते. पाण्यात जे काही विरघळलेलं असेल ते सगळं धुक्याबरोबर हवेत जातं. धुकं विरतं, क्षारांची पांढरी भुकटी उरते. भांड्यांवर, पिशव्यांवर आणि श्वासातही.

आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. बाकीचे दिवस बोअर. दख्खनच्या काळ्या खडकातून वर येणारं ते पाणी जड. आपाच्या बोअरचा टीडीएस मोजला तर ९००, म्हणजे लिटरमागे ९०० मिलिग्रॅम क्षार. ताशी दीड लिटर धुकं दिवसातले दहा तास सोडलं तर रोज तेरा-चौदा ग्रॅम भुकटी त्या बंद खोलीत उडणार. दोन-तीन चमचे. जिला तंबाखूच्या धुळीपासून लांब ठेवायचं म्हणून हा खटाटोप, तिच्याच नाकासमोर.

उरला तो कूलर. आपला रोजचा, पत्र्याचा, गवताच्या जाळ्यांचा कूलर. त्याला कुणी ह्युमिडिफायर म्हणत नाही, पण कोरड्या प्रदेशात त्याच्याएवढं इमानदार यंत्र नाही. पाणी ओल्या जाळीवरून वाऱ्यानं उडतं, क्षार जाळीतच अडकतात, हवेत निव्वळ बाष्प जातं. उडताना ते हवेतली उष्णता घेऊन जातं, म्हणून हवा थंडही होते. ४० अंश आणि २० टक्क्यांची हवा चांगल्या ओल्या जाळीतून २६-२७ अंशांना आणि ७०-७५ टक्क्यांना बाहेर पडते. खिडकीत बसवला तर ताजी हवाही तोच आणतो. म्हणजे थंडावा, ओल आणि हवाबदल ही तिन्ही कामं एकाच मोटारीवर.

त्याच्याही दोन मर्यादा आहेत. एक, ७५ टक्क्यांपुढे तो जात नाही. दोन, त्याचा वारा जोरदार. घरगुती कूलर तासाला हजारो घनमीटर हवा फेकतो, एवढ्याशा खोलीत तो वारा कोंबांना सुकवतो. म्हणून तो सतत चालवायचा नाही. सगळ्यात कमी वेगावर, तोंड छताकडे करून, काही मिनिटं चालवायचा. खोलीची हवा बदलली की बंद. मग राहिलेल्या दहा-पंधरा टक्क्यांसाठी धुकं. नव्यानं हिशेब केला तर प्रत्येक हवाबदलाला ४०० ग्रॅमच्या जागी १५० ग्रॅमच पाणी लागत होतं, ताशी सहाशे मिलिलिटर. त्याला दहा चकत्या नकोत, दोन-तीन चकत्यांचं छोटं यंत्र भागवतं. आणि एवढ्या थोड्या पाण्यासाठी आरओचं पाणी वापरणं परवडतं. आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर टाकाऊ पाणी सोडतो. ते जड पाणी गोणपाटांवर आणि जमिनीच्या वाळूवर जातं, फुकट काही जात नाही. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी गाळून पिंपात धरलं की चकतीला वर्षाचं सगळ्यात चांगलं पाणी मिळतं.

पण यंत्राच्याही आधी केलेलं काम सगळ्यात स्वस्त निघालं. पत्र्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर टाकला. सोलापूर जिल्ह्यात पाचटाला तोटा नाही. पश्चिमेच्या खिडकीला दुहेरी शेडनेट लावलं, दाराच्या फटीला रबराची पट्टी. खोलीच मुळात चार-पाच अंशांनी उतरली. खोली जितकी गार, तितकं हवेचं भांडं लहान आणि ते भरायला पाणी कमी. जुना कूलर, छोटं अल्ट्रासॉनिक यंत्र, ते आपोआप चालू-बंद करणारं नियंत्रक, जाळ्या आणि पाचट धरून भिशीचे निम्म्याहून जास्त पैसे वाचले. त्यातून पुढच्या बियाण्याची सोय झाली.

मोजण्याचं म्हणाल तर अब्बांचं चाललं. बाजारातले स्वस्त डिजिटल आर्द्रतामापक ८० टक्क्यांच्या वर भरवशाचे राहत नाहीत. धुक्यात भिजले की काहीही आकडे दाखवतात. तो खरा की खोटा हे तपासायची साधी युक्ती आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, पाण्याच्या काही थेंबांनी ते ओलसर करायचं, विरघळू द्यायचं नाही. मापक आणि ते झाकण एका हवाबंद डब्यात सात-आठ तास ठेवायचं. डब्यात ७५ टक्के आर्द्रता तयार होते. मापक ६८ दाखवत असेल तर तो सात टक्के कमी दाखवतो, हे त्याच्यावर चिकटवून ठेवायचं.

त्याच्या शेजारी अब्बांनी दोन साधे थर्मामीटर टांगले. एकाच्या बुडाला जुन्या मलमलीची चिंधी, तिचं टोक पाण्याच्या बाटलीत. सुकी काच २८ आणि ओली २६ दाखवत असेल तर आर्द्रता ८५ टक्के. फरक चारवर गेला तर ७२. आपाला टक्क्यांचं कोष्टक पाठ करावं लागत नाही. दोनचा फरक ठेवायचा, तीनला धुकं, चारला कूलर आणि गोणपाट दोन्ही. फरक एकच्या खाली आला तर सगळं बंद करून पंखा. ही जोडी पिशव्यांच्या उंचीवर, खोलीच्या मधोमध हवी. धुकं जड असतं, खाली बसतं. जमिनीजवळ ९० टक्के आणि वरच्या रांगेत ७० असं सहज होतं. म्हणून धुक्याचं तोंड वरच्या बाजूला, कूलरच्या वाऱ्याच्या वाटेत ठेवायचं.

आपाचा दिवस नमाजांच्या वेळांवर बेतलेला आहे, तसाच खोलीचाही बसला. फजरनंतर बाहेरची हवा सगळ्यात गार आणि त्यातल्या त्यात दमट. तेव्हा खिडक्या उघडून तोडणी, झाडलोट आणि टाक्या धुणं. दहाच्या सुमारास खिडक्या बंद. जोहर ते असर हा सगळ्यात कठीण वेळ, त्या तीन-चार तासांत नियंत्रक दर अर्ध्या तासाला यंत्रं हलवतो. नियंत्रक ८० ला सुरू, ८८ ला बंद असा लावलाय. दोन आकड्यांत अंतर ठेवलं नाही तर यंत्र मिनिटामिनिटाला चालू-बंद होऊन लवकर मरतं. मगरिबनंतर गोणपाटांना शेवटचं पाणी. इशानंतर धुकं बंद, कारण रात्री तापमान उतरतं आणि तेवढंच बाष्प आपोआप जास्त टक्के होतं. तेव्हा आणखी पाणी सोडलं तर पहाटे टोप्यांवर दव दिसतं, आणि दोन दिवसांनी डाग.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टाकीला वास यायला लागला, चिकट झाली, की तिच्यात औषध टाकायचा सल्ला देणारे भेटतात. काड निर्जंतुक करायला आपल्याकडे बाविस्टिन आणि फॉर्मेलिन वापरतातच, त्यातलंच थोडं टाकीत टाका म्हणणारे आपाला प्रत्यक्ष भेटले. हे कधीही करू नये. दक्षिण कोरियात ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायची जंतुनाशकं वर्षानुवर्षं दुकानांत विकली जात होती. भांडं स्वच्छ राहावं म्हणून लोक ती भाबडेपणानं वापरायचे. धुक्याबरोबर ती फुफ्फुसात गेली. २०११ साली तिथल्या आरोग्य खात्यानं फुफ्फुसाच्या गंभीर आजारांचा संबंध या द्रव्यांशी जोडला, तोवर अनेक गर्भवती बायका आणि लहान मुलं दगावली होती. जे द्रव्य हाताला लागलं तर चालतं, ते श्वासात गेलेलं चालतंच असं नाही. टाकी रोज रिकामी करायची. आठवड्यातून एकदा व्हिनेगरनं किंवा लिंबाच्या सत्वानं घासून, खळखळून धुऊन, उन्हात वाळवायची. कूलरची टाकीही आठवड्याला एक दिवस कोरडी ठेवायची, नाहीतर डेंग्यूचे डास घरातच पाळल्यासारखे होतात.

आणि टाकी कितीही स्वच्छ ठेवली तरी अळंबी स्वतः हवेत काय सोडते, हा प्रश्न उरतोच. धिंगरीची टोपी पूर्ण उघडली की तिच्या पडद्यांतून असंख्य बीजाणू उडतात, खिडकीच्या काचेवर पांढरट थर बसतो इतके. बंद खोलीत हे रोज श्वासात गेलं तर काहींच्या फुफ्फुसांना सूज येते. वैद्यकशास्त्रात त्याला ‘मशरूम वर्कर्स लंग’ असं नावच आहे. काम करून आल्यावर काही तासांनी ताप, कोरडा खोकला, धाप, आणि दोन दिवस खोलीत गेलं नाही की बरं वाटणं, ही त्याची खूण. घाणेरड्या ह्युमिडिफायरच्या धुक्यानंही असाच आजार होतो. प्रशिक्षणात उत्पादन, अनुदान, बाजारपेठ यांवर पुष्कळ बोललं गेलं, याबद्दल आपाला कुणी काही सांगितलं नव्हतं.

आमच्या घरात तीन धंदे झाले आणि तिन्ही छातीशी संबंधित निघाले. अब्बांना कापसाच्या तुसानं दमा दिला, आपाला तंबाखूनं खोकला. तिसऱ्यानं तसं काही देऊ नये म्हणून आपा काही नियम मोडत नाही. टोपीची कड आत वळलेली असतानाच तोडायचं, पसरट होऊ द्यायचं नाही. तेव्हा बीजाणू कमी असतात आणि भावही बरा मिळतो. आत शिरण्याआधी दहा मिनिटं कूलर आणि एक्झॉस्ट चालवायचा, धुकं तेवढ्या वेळात बंद. एन-९५ मास्क लावूनच आत. सुती ओढणी तोंडाला बांधून बीजाणू अडत नाहीत. आणि त्या खोलीत कुणी झोपायचं नाही, उन्हाळ्यात ती घरातली सगळ्यात गार खोली असली तरी. हा शेवटचा नियम पोरांना पाळायला लावणं सगळ्यात जड गेलं. डॉक्टरांना तिनं नवा धंदा सांगून ठेवलाय, सहा महिन्यांनी फुंकर मारायची चाचणी होते. गेल्या दोन चाचण्यांत आकडा घसरलेला नाही. अल्हम्दुलिल्लाह.

यंदाच्या एप्रिलमध्ये सगळ्या पिशव्या वाचल्या असं नाही. दोन दिवस दुपारची वीज गेली तेव्हा वरची रांग सुकली. पण पिकाचा मोठा भाग हाती लागला आणि मे महिन्यासाठी आपानं उष्णता सोसणारी गुलाबी धिंगरी लावली. आता मोहल्ल्यातल्या आणखी तिघीजणी सुरुवात करताहेत. तिघीही विडीवाल्याच. कुठला ह्युमिडिफायर घेऊ, असं त्यांनी आपाला विचारलं. तिनं त्यांना दुकानाचं नाव सांगितलं नाही. बोअरचं पाणी बाटलीत भरून आण, खोलीची लांबी-रुंदी मोजून आण आणि तुला दमा आहे का ते सांग, असं म्हणाली. एकीनं विचारलं, दम्याचा आणि मशीनचा काय संबंध? आपानं तिला खाली बसवलं आणि समजावून सांगायला घेतलं.